लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी परवडणारा लेझर रेंजफाइंडर कोणता घ्यावा?

माळरान

नमस्कार मंडळी. मी मूळचा सोलापूरचा असून गेली नऊ वर्षे अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या पूर्वेकडील गवताळ माळावर राहतो. दोन वर्षांपूर्वी येथील एका क्लबात लांब पल्ल्याच्या नेमबाजीला सुरुवात केली. रायफल ६.५ क्रीडमूर या काडतुसाची आहे आणि गोळी १४० ग्रेन वजनाची वापरतो. क्लबात ३०० पासून १००० यार्डांपर्यंत लोखंडी पाट्या टांगलेल्या असतात, पण त्या कायमच्या एका जागी नसतात. दर महिन्याच्या स्पर्धेपूर्वी त्या हलवल्या जातात आणि नेमबाजाने अंतर स्वतः काढायचे असते.

आजवर मी शेजारच्या नेमबाजाला अंतर विचारून वेळ मारून नेत होतो. आता स्वतःचा लेझर रेंजफाइंडर घ्यायचा आहे आणि खर्चाची मर्यादा ४०० डॉलर आहे. दुकानात गेलो तर एका खोक्यावर १२०० यार्ड, दुसऱ्यावर १८००, तिसऱ्यावर २५०० असे आकडे दिसले, आणि किमतींचा या आकड्यांशी काही मेळ लागेना. मला १००० यार्डांवरच्या १२ इंची पाटीचे अंतर खात्रीने मिळाले तर पुरे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बिस्लीकर

सर्वप्रथम एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा: हे यंत्र तुम्हाला खरोखर लागणार आहे का? मी इंग्लंडमध्ये सरे परगण्यात राहतो आणि बिस्ली येथे नेम धरतो. तेथे १८९० पासून नेमबाजीच्या स्पर्धा होत आल्या आहेत. स्टिकलडाउन रेंजवर आम्ही ९०० आणि १००० यार्डांवरून नेम धरतो, पण फायरिंग पॉइंटचे अंतर ठरलेले असते. चौदा वर्षांत मला रेंजफाइंडरची गरज एकदाही पडली नाही. ऑलिंपिक प्रकारांत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले तो प्रकार ५० मीटरचा, म्हणजे इंचाइंचाने मोजलेला.

तुमच्या पाट्या हलत्या आहेत हे वाचले, त्यामुळे तुमची गरज खरी दिसते. परंतु हा धागा वाचून कोणी ठरलेल्या अंतराच्या रेंजवर जाण्यासाठी ४०० डॉलर घालवणार असेल, तर त्याने ते काडतुसांवर खर्च करावेत.

हिरवळ

मी नेमबाज नाही. पुण्यात गोल्फ खेळतो आणि माझ्याकडे सहापट दाखवणारा गोल्फचा रेंजफाइंडर आहे. खोक्यावर १००० यार्ड लिहिले आहे आणि झेंड्याचे अंतर पटकन मिळते. गोल्फची यंत्रे स्वस्त असतात, २०१९ पासून नियमांनीही त्यांना सर्रास मुभा दिली आहे, त्यामुळे बाजारात भरपूर मिळतात. तेच का वापरू नये?

प्रकाशवाट

माझा व्यवसाय प्रकाशीय संवेदकांचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हिरवळ यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच येईल.

यंत्र प्रकाशाचा अत्यंत छोटा स्पंद सोडते, तो परत येईपर्यंतचा वेळ मोजते आणि त्यावरून अंतर काढते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. १००० मीटर जाऊन परत यायला त्याला साधारण ६.७ मायक्रोसेकंद लागतात. इतका सूक्ष्म वेळ मोजणे हे आज अजिबात अवघड राहिलेले नाही. स्वस्तातले यंत्रही एका यार्डाच्या आसपास अचूक असते. म्हणून खोक्यावरचे "अचूकता अधिक-उणे १ यार्ड" हे वाक्य वाचून हुरळून जाऊ नये. ते सगळ्याच खोक्यांवर असते आणि बहुतेक वेळा खरेही असते.

खरी गोम वेगळीच आहे. परत आलेला प्रकाश कोणत्या वस्तूवरून आला, हे यंत्राला कळत नाही. परवडणाऱ्या यंत्रांत ९०५ नॅनोमीटरचा लेझर डायोड असतो. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही आणि तो भिंगातून बाहेर पडला तरी सुईसारखा सरळ जात नाही, टॉर्चच्या झोतासारखा पसरत जातो. हा पसारा मिलिरेडियनमध्ये सांगतात. १ मिलिरेडियन म्हणजे १००० यार्डांवर १ यार्ड, म्हणजेच ३६ इंच. आता तुमची १२ इंची पाटी १००० यार्डांवर ठेवा: ती मिलिरेडियनचा केवळ तिसरा हिस्सा भरते. झोत २ मिलिरेडियन रुंद असेल, तर तो तेथे ७२ इंच पसरलेला असतो. त्यातला थोडासाच प्रकाश पाटीवर पडतो आणि उरलेला मागच्या मातीच्या बांधावर किंवा पुढच्या गवतावर. यंत्र मोठ्या आत्मविश्वासाने एक आकडा दाखवते आणि तो आकडा बांधाचा असतो.

गोल्फच्या यंत्राची अडचण येथेच आहे. झेंडा जवळ असतो आणि मागे झाडी असते, म्हणून ती यंत्रे सर्वांत जवळच्या वस्तूचे अंतर उचलतात. शिकाऱ्यांसाठीच्या यंत्रांत याच्या उलट, दूरच्या वस्तूला प्राधान्य देण्याची सोय असते, म्हणजे पुढे डोलणारे गवत आणि काटक्या दुर्लक्षिल्या जातात. गोल्फच्या खोक्यावरचे १००० यार्ड हे बहुधा चकचकीत परावर्तकाचे असतात. शिकारी यंत्राच्या खोक्यावर नीट पाहिले तर तीन आकडे असतात: परावर्तक, झाड आणि हरीण. पहिला आकडा ठळक अक्षरांत, तिसरा तळाशी बारीक अक्षरांत. विकत घेताना तिसराच वाचावा, कारण रंग उडालेली, गोळ्यांनी खरवडलेली पाटी तुमच्या दृष्टीने हरणाच्याच वर्गात मोडते.

आखूडशिंगी

म्हणजे आखूडशिंगी, बहुदुधी गाय ४०० डॉलरला मिळणार नाही, असेच ना? नावाला जागून विचारतो. अंतरात १० यार्ड चुकले तर नेमके किती बिघडते? गोळी तर सरळच जाते ना?

माळरान

आखूडशिंगी, गोळी सरळ जात नाही, ती सतत खाली येत असते, आणि जितकी दूर जाते तितकी अधिक उतारावर येते. माझ्या रायफलीचा तक्ता (कोणत्या अंतराला गोळी किती खाली येते त्याचा) पाहून सांगतो. ६०० यार्डांवर अंतर १० यार्डांनी चुकले तर गोळी जेमतेम २ इंच वर किंवा खाली लागते. १२ इंची पाटीवर हे चालून जाते. परंतु १००० यार्डांवर तीच १० यार्डांची चूक ५ इंचांहून अधिक होते, आणि पाटीच्या मध्यापासून कडेपर्यंत सहाच इंच असतात. ३० यार्ड चुकले तर गोळी सव्वा फूट वर किंवा खाली, म्हणजे पाटी पूर्णपणे हुकली.

प्रकाशवाट, आपला प्रतिसाद वाचून डोळे उघडले. मग पसारा कमी असलेले यंत्र घ्यावे, एवढेच सूत्र का?

प्रकाशवाट

बहुतांशी होय, पण एवढेच नाही. लेझर डायोडमधून प्रकाश एका बारीक पट्टीतून निघतो, म्हणून झोताचा आकार गोल नसून आयताकार असतो: एका दिशेने रुंद, दुसऱ्या दिशेने चिंचोळा. माहितीपत्रकात "२ गुणिले ०.५" अशी जोडी दिलेली असते ती यामुळेच. सपाट माळावर उंच झोत घातक ठरतो. एक हिशेब मांडून दाखवतो. यंत्र तिपाईवर दीड मीटर उंचीला आहे, पाटी ६०० मीटरवर जमिनीपासून एक मीटर उंचीला टांगलेली आहे आणि झोत ३ मिलिरेडियन उंच आहे. अशा झोताची खालची कड अर्धा मीटर उंचीच्या गवताला ४३० मीटरच्या आसपासच शिवू लागते. तेथून पुढचे सगळे गवत यंत्राला "दिसते". हाच झोत आडवा असता, तर गवताला न शिवता पाटीपर्यंत पोहोचला असता.

म्हणून युक्ती अशी, की संशय आला की यंत्र ९० अंशांत फिरवून पुन्हा मोजावे. दोन्ही वेळा आकडा तोच आला तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट माहितीपत्रकात कधीच नसते. नेत्रभिंगात दिसणारे लाल वर्तुळ आणि प्रत्यक्ष झोत एकाच जागी असतीलच असे नाही. स्वस्त यंत्रांत त्यांच्यात फरक असतो, आणि तो जवळपास प्रत्येक नगात वेगळा असतो. तपासायचे असेल तर मोकळ्या आकाशासमोर उभा असलेला विजेचा खांब शोधावा. यंत्र तिपाईवर बसवून वर्तुळ खांबाच्या डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवत मोजत राहावे. आकडा कोठे उमटू लागतो आणि कोठे बंद होतो ते लिहून ठेवावे. मग यंत्र ९० अंशांत फिरवून पुन्हा तेच करावे. झोताची खरी जागा आणि खरा आकार दहा मिनिटांत कागदावर येतो.

तोफखाना

देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत मी अंतर मोजायला शिकलो, तेव्हा लेझर आमच्या हातांत आलेला नव्हता. दोन टोकांना दोन भिंगे असलेली लांब नळी असे. दोन्हींकडून येणारी प्रतिमा चाक फिरवून एकावर एक जुळवायची आणि आकडा वाचायचा. त्या यंत्राचा स्वभाव येथे सांगण्यासारखा आहे. त्याची चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असे. एक मीटर लांबीच्या नळीने १००० मीटरला चांगल्या माणसाची चूक चार-पाच मीटर झाली, तर २००० मीटरला तीच चौपट. त्यामुळे दूरच्या आकड्यावर आमचा मुळातच विश्वास नसे, आणि आम्ही तो नेहमी नकाशाशी ताडून पाहत असू.

लेझरने ही वाढती चूक संपवली, पण तिच्याबरोबर ती संशयाची सवयही गेली. जुने यंत्र थोडे थोडे चुकायचे. लेझर एकतर बरोबर असतो किंवा भलत्याच वस्तूचे अंतर सांगतो, आणि दोन्ही वेळा आकडा सारखाच ठाम असतो. माझा सल्ला असा, की एका लक्ष्यासाठी तीन आकडे घ्यावेत. प्रथम लक्ष्याच्या मागचा बांध मोजावा, मग लक्ष्याच्या पुढचे झुडूप किंवा दगड मोजावा, आणि शेवटी लक्ष्य. तिसरा आकडा पहिल्या दोहोंच्या मध्ये आला पाहिजे. तो बांधाच्याच आकड्याशी जुळला, तर समजावे की आपण बांधच मोजला. याला पैसा लागत नाही.

बिस्लीकर

तोफखानासाहेबांना अनुमोदन. स्कोपमधील, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीतील, मिलच्या (मिलिरेडियनच्या) खुणांवरूनही अंतर काढता येते, असे कोणी सुचवण्यापूर्वीच लिहून ठेवतो: १२ इंची पाटी ५०० यार्डांवर ०.६७ मिल भरते. वाचताना ०.०५ मिल इकडेतिकडे झाले तरी अंतर ३५ ते ४० यार्डांनी चुकते. ताळा म्हणून उपयुक्त, मुख्य साधन म्हणून नाही.

माळरान

मंडळी, पंधरा दिवसांनी परत आलो, पण रिकाम्या हाताने आलो नाही. क्लबच्या कायमच्या खुंट्यांची सर्वेक्षकाने मोजलेली यादी मिळाली. त्यांतल्या ४१२, ५८७, ७६३ आणि १००५ यार्डांच्या खुंट्यांवर १२ इंची पाट्या टांगल्या आणि दोन यंत्रे घेऊन शनिवार तेथेच काढला. पहिले यंत्र मित्राचे गोल्फचे. दुसरे एका निवृत्त शिकाऱ्याकडचे, सहा-सात वर्षे वापरलेले, सातपट दाखवणारे, आतला आकडा लाल अक्षरांत दाखवणारे आणि तळाशी तिपाईचे भोक असलेले. हे दुसरे तो २२० डॉलरला विकायला तयार होता.

आधी माझी फजिती सांगतो. शिकाऱ्याच्या यंत्राने ५८७ च्या पाटीवर ५३७ आकडा दाखवला. एकदा नव्हे, पाच वेळा, अगदी स्थिर. मला वाटले यादीच चुकली असेल. तक्त्यातून ५३७ चा आकडा काढून स्कोपवर चढवला आणि गोळी झाडली. पाटीच्या खालच्या कडेखाली चार बोटांवर धूळ उडाली. दुसरी गोळी तेथेच. तिसऱ्या गोळीनंतर भिंगाच्या कोपऱ्यात बारीक "एम" अक्षर दिसले. यंत्र मीटरमध्ये होते. ५८७ यार्ड म्हणजे ५३७ मीटर, यंत्राचे काहीच चुकले नव्हते. आता यंत्राच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर "यार्ड?" असे लिहून ठेवले आहे.

आता निकाल. ४१२ वर दोन्ही यंत्रे बरोबर. ५८७ वर गोल्फच्या यंत्राने दोनदा ६०४ दाखवले, म्हणजे मागचा बांध, आणि एकदा ५८६. ७६३ वर ते गप्प बसले. शिकाऱ्याच्या यंत्राने हातात धरून ५८७ वर ५८७, ५८८ आणि ५४१ असे आकडे दिले, पैकी शेवटचा अर्थातच गवताचा. तिपाईवर बसवल्याबरोबर दहापैकी दहा वेळा ५८७. हातात आणि तिपाईवर इतका फरक पडेल, याची मला कल्पना नव्हती. सातपट भिंगातून पाहताना वर्तुळ पाटीभोवती नाचत असते आणि आपण कळ नेमकी कोणत्या क्षणी दाबली हे आपल्यालाही ठाऊक नसते.

७६३ वर सकाळी ७६४ आला. भर दुपारी तीच पाटी मोजताना चारपैकी दोनच वेळा आकडा उमटला. १००५ ची पाटी मात्र दुपारी काही केल्या मिळाली नाही. सूर्य टेकडीआड गेल्यावर, यंत्र आडवे फिरवून, तिपाईवरून १००४ आला, पुन्हा १००५ आला. तोफखानासाहेबांच्या पद्धतीने मागचा बांध १०३१ आणि पुढचा खडक ९८२ मिळाला होता, म्हणून विश्वास बसला.

खांबाची चाचणीही केली. झोत लाल वर्तुळाच्या किंचित वर आणि डावीकडे आहे. म्हणजे वर्तुळ पाटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवले, की झोत मध्यावर पडतो.

प्रकाशवाट

उत्तम काम केलेत. दुपारी आकडा न मिळण्याचे कारण असे, की सूर्यप्रकाशात ९०५ नॅनोमीटरचाही भरपूर अंश असतो. पाटीवरून आलेला क्षीण प्रतिध्वनी त्या उजेडात बुडून जातो. ढगाळ दिवशी आणि संध्याकाळी तेच यंत्र अधिक दूर पोहोचते. खोक्यावरचा मोठा आकडा कोणत्या वेळी मोजलेला असतो, हे आता सांगायला नको. धुके किंवा धूळ असेल तर उलट होते, पुढच्या थेंबांवरूनच प्रकाश परततो आणि भलताच लहान आकडा येतो.

महागड्या यंत्रांची किंमत कोठे जाते, तेही लिहितो. स्पर्धांत अनेकांच्या तिपाईवर व्हेक्ट्रॉनिक्सचे टेरापिन एक्स दिसते, त्याची किंमत चार आकडी आहे. त्यात चिंचोळा झोत आणि झोताशी नीट जुळवलेले वर्तुळ मिळते. त्याहून वरच्या लष्करी यंत्रांत १५५० नॅनोमीटरचा लेझर असतो. ही तरंगलांबी डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून अधिक शक्ती वापरता येते, पण तिचा संवेदक सिलिकॉनचा चालत नाही आणि तो महाग पडतो. १२ इंची पाटी, १००० यार्ड आणि भर दुपार हे तिन्ही एकदम हवे असेल, तर ४०० डॉलरमध्ये ते जमणार नाही. यांतले कोणतेही दोन मिळतील.

हिरवळ

माझ्या यंत्राची बाजू घेण्याचा आता मोह होत नाही. एक विचारतो, त्यात चढ-उताराचा कोन धरून अंतर कमी करून सांगण्याची सोय आहे. नेमबाजांना ती लागत नाही का?

माळरान

डोंगरात लागते. २० अंशांचा उतार असेल तर ६०० यार्डांचे ५६४ धरावे लागतात, हा फरक मोठा आहे. आमच्या माळावर पाच अंशांचा चढ सापडणेही कठीण, आणि पाच अंशांना ६०० मागे दोन-तीनच यार्ड कमी होतात. यंत्रातच गोळीचा तक्ता असण्याची सोयही मी वगळली. त्या सोयीचे वाढीव दीडशे-दोनशे डॉलर मला तिपाईत घालता येतात आणि तक्ता फोनवर आहेच.

नवे यंत्र घ्यायचाही एक प्रयत्न केला, तो सांगायचा राहिला. ३४९ डॉलरचे, खोक्यावर २००० यार्ड लिहिलेले एक यंत्र मागवले. खांबाच्या चाचणीत त्याचा झोत वर्तुळाच्या पूर्ण बाहेर निघाला. कंपनीशी पत्रव्यवहार केला तेव्हा "हे मान्य मर्यादेत आहे" असे उत्तर आले. ती मर्यादा किती, हे शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही. मुदतीत परत केले. तेव्हापासून ठरवले, की परत करण्याची मुदत लिहून घेतल्याशिवाय नवे घ्यायचे नाही आणि खांबावर तपासल्याशिवाय जुने घ्यायचे नाही.

शेवटी शिकाऱ्याचे जुने यंत्र २२० डॉलरला घेतले आणि १४० डॉलरची भक्कम तिपाई घेतली. एकूण ३६०.

आखूडशिंगी

म्हणजे गाय म्हातारी निघाली, पण दूध देते. थंडीत बॅटरी टिकते का?

माळरान

सीआर-टू लिथियम बॅटरी आहे. उणे दहा अंशांत ती लवकर मान टाकते, म्हणून यंत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो आणि जोडीला दुसरी बॅटरी बाळगतो.

तोफखाना

अंतराचा प्रश्न सुटला, आता वाऱ्याचे काय करता ते सांगा. तुमच्या गोळीला १००० यार्डांवर ताशी १० मैलांचा आडवा वारा साधारण २ मिल ढकलतो. म्हणजे वाऱ्याचा अंदाज ताशी एका मैलाने चुकला, तरी गोळी ७ इंच बाजूला जाणार. अंतरातल्या १० यार्डांपेक्षा ही चूक मोठी आहे, आणि तिच्यासाठी ४०० डॉलरचे यंत्र नाही.

माळरान

साहेब, कालच्या स्पर्धेत नेमके तेच झाले. ९४० यार्डांची पाटी, अंतर तिन्ही आकड्यांनी पडताळलेले, उंची अचूक, आणि तिन्ही गोळ्या पाटीच्या उजव्या कडेबाहेर ओळीने मातीत. वाऱ्यासाठी रविवारी वेगळा धागा काढतो.